आईची शिंक

पाण्यात असली की ताईला कशाचीच भीती वाटत नसे. भीती सुरू व्हायची ती शिडी चढून वर आल्यावर, अंग पुसून कोरडे कपडे घातल्यावर. लोक खोल पाण्याला घाबरतात. पोहायला शिकवण्यात अर्धं आयुष्य घालवलेली ही बाई कोरड्या जमिनीला घाबरायला लागली होती, आणि ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

सांगणार तरी काय? शिंकलं, खोकलं, जोरात हसलं की लघवीचे चार थेंब निसटतात, हे काय सांगायचं असतं? कधी चार थेंबांवर भागायचं, कधी भागायचं नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईने ही तक्रार कुणापुढे आणि कोणत्या आवाजात मांडायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गुडघा दुखत असता तर तिने गावभर सांगितलं असतं. गुडघ्याला एक इभ्रत असते.

तलावावर ती सगळ्यांचीच ताई होती. पोरं, पोरांच्या आया, निवृत्त झालेले आजोबा, सगळे तिला ताई म्हणत आणि तिच्या शिट्टीला टरकून असत. ओल्या फरशीवर कुणी धावलं की ताई अशी शिट्टी मारायची, की पलीकडच्या टोकाला पोहणारा माणूससुद्धा आपलंच काही चुकलं असेल म्हणून थांबायचा. पण अलीकडे ती शिट्टी गळ्यात नुसती लटकत असे. ताई टाळ्या वाजवून पोरांना हटकायची. लोक म्हणाले, ताई वयाबरोबर मवाळ झाली. मवाळ कसली होते ती. छाती भरून शिट्टी फुंकली की वरून आवाज निघायचा आणि खालून पाणी, म्हणून ती गप्प होती.

ताईला एक धाकटी बहीण होती. लहानपणी दिवसभर वाजत असायची म्हणून घरात तिला टिमकी म्हणत. आता तिला स्वतःला दोन मुलं होती, तरी ती टिमकीच राहिली. दिवसा ती एका ऑफिसात टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि महिन्यातून एखाद्या संध्याकाळी छोट्याशा नाट्यगृहात एकपात्री प्रयोग करून लोकांना हसवायची. काळी पँट, काळा सदरा, बाजूला एक रिकामी लाकडी चौकट, एवढंच तिचं नेपथ्य. आणि त्या प्रयोगातली सगळ्यांत गाजलेली नक्कल म्हणजे आईची शिंक.

त्यांची आई शिंकायची तो एक सोहळाच असे. शिंक येतेय असं वाटलं की ती हातातलं काम तिथल्या तिथे टाकायची, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट गच्च धरायची, एका पायावर दुसरा पाय चढवायची, डोळे छताला लावायची आणि मग शिंकायची. एवढ्या तयारीनंतर शिंक यायची मांजराएवढी. टिमकी शाळेत जायला लागल्यापासून ही नक्कल करायची, तीही आईसमोर. ताई हसून हसून जमिनीवर लोळायची. आईसुद्धा हसायची, आणि हसता हसता पुन्हा चौकट धरायची.

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिंक तेवढी राहिली होती.

मागच्या वर्षीच्या प्रयोगाला ताई नेहमीसारखी पहिल्या रांगेत बसली होती. टिमकीने चौकट धरली, पाय चढवला, डोळे छताला लावले, आणि शिंक यायच्या आधीच अख्खं नाट्यगृह खदखदायला लागलं. ताईही पोट धरून हसली. या वेळी चार थेंबांवर भागलं नाही. हसू तिच्या तोंडावरच गोठलं. तिने पर्स पाठीमागे धरली आणि रंगमंचाच्या अगदी पुढून, कमरेत वाकून, दाराकडे निघाली. टिमकी वर एका पायावर पाय चढवून उभी होती. तिने बहिणीला जाताना पाहिलं.

त्याच संध्याकाळी टिमकीचा फोन आला.

"आईची चेष्टा करते असं वाटलं ना तुला?"

"नाही गं, काहीतरीच काय."

"मग उठलीस का?"

"डोकं दुखायला लागलं."

टिमकीने आयुष्यभर टेलिफोनवर लोकांचे बहाणे ऐकले होते. ती म्हणाली, "बरं, गोळी घे," आणि फोन ठेवला.

तेव्हापासून दोघींत काहीतरी अडकलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणात दोघी पटाईत होत्या. पूर्वी टिमकी दर रविवारी ताईच्या स्वयंपाकघरात येऊन टेबलाच्या कडेवर बसायची आणि नवीन नक्कल आधी तिला करून दाखवायची. ताई हसली तर ठेवायची, नाही तर टाकायची. आता ती महिना-महिना यायची नाही, आणि आली तर खुर्चीवर नीट बसून हवापाण्याचं बोलायची. आईबाप गेले की आपल्याला फ्रॉकमध्ये पाहिलेली माणसं फार उरत नाहीत. ताईला असं एकच माणूस उरलं होतं, आणि तेच आता पाहुणीसारखं कप विसळून जायला लागलं होतं. याचं तिला रडू यायचं. रडण्याचं एक बरं असतं, त्याने फक्त डोळे ओले होतात.

ताई शिस्तीची बाई. तिने मोबाइलवर व्यायामाचा एक व्हिडिओ शोधून काढला. व्हिडिओतली गोड आवाजाची बाई म्हणत होती, आतले स्नायू आवळा, धरून ठेवा, सोडा. ताईने मनाशी म्हटलं, आवळण्यात आणि धरून ठेवण्यात आपल्याला कोण हरवणार? आणि हा व्यायाम तिने पाण्यात सुरू केला. सकाळी तलाव उघडायच्या आधी ती एकटीच खोल भागात उतरायची, मोठा श्वास घेऊन तळाशी जाऊन बसायची, आणि श्वास रोखून ओठांपासून पायाच्या बोटांपर्यंत जे जे म्हणून आवळता येईल ते सगळं आवळायची. तिथे तिला कुणी बघत नव्हतं. तिथे ती कोरडी आहे की ओली, हा प्रश्नच नव्हता. अंगातला सगळा जोर लावून, एकही सकाळ न चुकवता, तिने ही तपश्चर्या चालवली.

आणि दुखणं वाढलं. आता पायऱ्या उतरतानाही थेंब निसटायचे. शहरातल्या कुठल्या दुकानात, कुठल्या बँकेत स्वच्छतागृह आहे, हे तिला पाठ झालं. ती पाणी कमी प्यायला लागली, त्याने लघवीला जळजळ सुरू झाली, आणि त्या जळजळीने शेवटी तिला डॉक्टरांकडे नेलं. जळजळ सांगता येते, तिलाही थोडीफार इभ्रत आहे. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि कागदावरून मान वर न करता विचारलं, "खोकताना, हसताना कधी होते का?" इतक्या सहज विचारलं, की ताई सहज हो म्हणून गेली. म्हणून झाल्यावर तिचे कान तापले.

डॉक्टरांनी तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ताईला वाटलं होतं, तिथे खांदे नि कंबरा चोळून देतात. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर एक लहानशी खोली होती. निळ्या रेक्झिनचा पलंग, कोपऱ्यात मोठा रबरी चेंडू, खिडकीला अर्धा पडदा. फिजिओ तिच्या मुलीच्या वयाची. तिने सगळं विचारलं: बाळंतपणं कशी झाली, पाणी किती पिता, पॅड वापरता का. ताईने उत्तरं दिली, पण खिडकीबाहेर बघत.

"व्यायाम करताय का काही?"

इथे ताईची मान ताठ झाली. "करते ना. किती महिने झाले. एकही दिवस चुकवला नाही." आणि तिने तलावाच्या तळाची हकीकत सांगितली.

फिजिओने हसू दाबलं, पण डोळ्यांत ते दिसलंच. "पाण्याखाली का पण?"

"तिथे कुणी येत नाही विचारायला."

फिजिओने तिला पलंगावर झोपवलं, ओटीपोटावर गार जेल लावलं आणि एक यंत्र टेकवलं. बाजूच्या पडद्यावर करड्या रंगात एक काळा फुगीर डाग दिसायला लागला. "ही तुमची लघवीची पिशवी. आता रोज करता तसा व्यायाम करा. मी नुसती बघते."

ताईने श्वास रोखला आणि जीव ओतून आवळलं. पडद्यावरचा काळा डाग खाली दबला.

"बघितलंत? पिशवी खाली गेली. ती वर उचलली जायला हवी."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आवळत नाही आहात, ढकलताय. श्वास रोखून पोट आवळलं की सगळा दाब खाली जातो. तिथे तळाला झोळीसारखे स्नायू असतात, सगळा भार तेच झेलतात. तुम्ही रोज सकाळी त्या झोळीत दगड टाकत होतात."

ताईला हे लागलं. आळस केला असता तर तिला एवढं वाईट वाटलं नसतं. मनापासून, नियमाने, कुणालाही अभिमान वाटावा अशा चिकाटीने तिने इतके दिवस चुकीची गोष्ट केली होती. आणि चुकली होती तीही श्वासात. रोज शंभरदा पोरांवर ओरडायची, श्वास रोखू नका, पाण्यात सोडा, पाण्यात सोडा.

"पुष्कळ बायका असंच करतात," फिजिओ म्हणाली. "कुणी शिकवलेलंच नसतं. आता माझ्याबरोबर करा. श्वास आत घ्या, काही करू नका. आता हळू सोडा, आणि सोडता सोडता आतून वर उचला. लघवी आणि गॅस दोन्ही एकदम अडवताय असं. मांड्या ढिल्या. पोट ढिलं. ओठ कशाला आवळताय ताई? गळती तिथे नाहीये."

ताईला फिस्सकन हसू आलं, आणि जे व्हायचं ते झालं. ती उठून बसायला लागली, तशी फिजिओ म्हणाली, "राहू दे. पलंगावर कागद घातलाय तो ह्याचसाठी. चला, पुन्हा." तिच्या आवाजात काही बदललं नाही. ताईला तेव्हा पहिल्यांदा ती खोली आवडली.

खूप वेळाने पडद्यावरचा काळा डाग कणभर वर सरकला. खरोखर कणभर. ताईला आत काहीच जोर लावल्यासारखं वाटलं नव्हतं, म्हणून तिचा विश्वास बसेना.

"हेच. आता सोडा."

"सोडलं."

"नाही सोडलंत."

"सोडलं की."

"पडद्यावर बघा. अजून धरून ठेवलंय. ताई, तुम्हाला आवळता येईल लवकर. सोडायला वेळ लागणार आहे. सतत आवळलेला स्नायू थकतो, आणि नेमकी शिंक येते तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं."

नव्याने पोहायला येणारी मोठी माणसं आठवडेच्या आठवडे काठाची दांडी धरून पाय मारत राहतात. ताई त्यांची हसून टर उडवायची. दांडी सोडा, दांडी घरी न्यायची आहे का, म्हणायची. त्या सगळ्यांची तिने त्या पलंगावर मनातल्या मनात माफी मागितली.

मग ती खरी विद्यार्थिनी झाली, आणि अवघड विद्यार्थिनी. दर आठवड्याला खोलीत जायची, घरी दिवसातून थोडा थोडा वेळ जमिनीवर गुडघे मोडून पडायची. कधी श्वास चुकायचा, कधी पोट मधे यायचं, कधी आवळलंय की नुसतं वाटतंय हेच कळायचं नाही. चिडून ती फिजिओला म्हणाली, "हात हलवला तर दिसतो तरी. हे म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवायचा." फिजिओ म्हणाली, "ओवला जातोय, पडद्यावर दिसतंय मला." पुढे तिने उभ्याने करायला शिकवलं, मग खुर्चीतून उठताना, मग खोकायच्या क्षणभर आधी आवळायला. पाणी पुन्हा नीट प्यायला लावलं. "सगळं जाईलच असं सांगत नाही," ती म्हणाली, "पण कमी होईल, आणि तुम्हाला कळेल काय करायचं ते."

याच दिवसांत टिमकीचा फोन आला.

"नवीन प्रयोग बसवलाय. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझी ठेवलीय. यायचं नसेल तर आत्ताच सांग."

"येणार की." मग ताईने न राहवून विचारलं, "आईची शिंक आहे का यात?"

"आहे. का? काढू?"

"नाही गं, नुसतं विचारलं."

"ताई, एक सांगते. मधनं उठून जाणार असशील तर येऊच नकोस. लोक उठले तर उठोत. तू उठलीस की मला पुढचं सुचत नाही."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. ताई फोन हातात धरून उभी राहिली. त्याच वेळी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण ते वाक्य जिभेवर येईपर्यंत त्याला लाज चिकटायची आणि ते परत आत जायचं. आता एवढंच खरं होतं, की त्या खुर्चीत ती शेवटपर्यंत बसू शकली तर बहीण परत मिळणार होती, आणि पुन्हा उठावं लागलं तर नाही.

प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात तलावावर एक पोरगी ओल्या फरशीवरून भरधाव धावत निघाली. ताईने विचार न करता शिट्टी तोंडात घातली आणि पूर्वीसारखी खणखणीत वाजवली. पोरगी जागच्या जागी थांबली. पलीकडचे आजोबा पोहायचे थांबले. ताईने पोरीला रीतसर झापलं, तिच्या आईलाही दोन शब्द ऐकवले, आणि ऑफिसात येऊन चहा अर्धा संपवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कोरड्या आहोत. ती दार लावून एकटीच बसली आणि तिने कप पुन्हा भरून घेतला.

प्रयोगाच्या संध्याकाळी मात्र ती शिट्टी काही कामाला आली नाही. मधली खुर्ची म्हणजे दोन्हीकडे माणसंच माणसं. दिवे गेले, टिमकी आली, आणि ताईने आत जे आवळलं ते सोडलंच नाही. शिंक केव्हा येईल सांगता येत नाही, म्हणून तिने आधीपासूनच धरून ठेवलं. लोक हसत होते. ताई ताठ बसून समोर बघत होती. वरून टिमकीने एकदा तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पुढचं वाक्य जरा घाईने म्हटलं. ताईच्या ध्यानात आलं. उठून गेले काय आणि अशी दगडासारखी बसले काय, टिमकीला दोन्ही सारखंच. शिवाय आत थरथर सुरू झाली होती. धरून धरून स्नायू दमले होते आणि शिंक तर अजून यायची होती.

दांडी सोड, तिने स्वतःला म्हटलं. दांडी घरी न्यायची आहे का?

सोपं नव्हतं ते. भरल्या नाट्यगृहात, दोन्हीकडे अनोळखी खांदे असताना, जे धरून इतके महिने लाज राखली तेच सोडायचं. तिने श्वास सोडला. मांड्या ढिल्या केल्या, पोट ढिलं केलं, ओठसुद्धा. आतलं सगळं सोडलं. काही झालं नाही. ती खुर्चीत मागे टेकली आणि टिमकीचं बोलणं त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिला ऐकू आलं. शेजाऱ्याच्या कुत्र्याला फोनवर तक्रार नोंदवायची आहे, असं काहीतरी चाललं होतं. ताई हसली. श्वास सोडत हसली, आणि आत आपोआप काहीतरी वर उचललं गेलं. पुन्हा हसली. एखादा थेंब गेला असेल, नसेल. पातळ पॅड होतं, ते कशासाठी असतं मग?

आणि आईची शिंक आली. टिमकीने चौकट धरली, पाय चढवला, डोळे छताला लावले. लोक हसत सुटले. ताईही हसत होती आणि हसता हसताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाय पायावर. हात चौकटीला. आई तयारी करत नव्हती. आई अडवत होती. ज्याला साऱ्या घरादाराने हसून घेतलं, ते आईने कुणाला न सांगता आयुष्यभर केलं, आणि वर आपल्या पोरींबरोबर हसली. ताईचे डोळे भरून आले.

तिला अजून एक गोष्ट दिसली. दांडी धरल्याचं नाटक करणारं पोर आणि खरंच धरणारं पोर, यातला फरक ताईला तलावाच्या पलीकडच्या काठावरून कळायचा. नाटक करणाऱ्याची बोटं सैल असतात. टिमकीची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. शिंक होऊन गेली, हशा ओसरला, तरी तिने पाय लगेच खाली घेतला नाही.

प्रयोग संपल्यावर ताई आत गेली. टिमकी मेकअपच्या खोलीच्या दारात उभी होती. तिच्या मागे खुंटीवर दुसरी काळी पँट लटकत होती. दरवेळी दोन सारख्या पँटी आणायची ती. घामाने भिजते एक, म्हणायची.

"बसलीस शेवटपर्यंत," टिमकी म्हणाली. "आधी वाटलं, शिक्षा भोगतेयस."

"मागच्या वर्षी मी आईच्या चेष्टेमुळे उठले नव्हते," ताई म्हणाली. वाक्याला लाज चिकटायच्या आत तिने ते बोलून टाकलं. "हसताना माझी लघवी झाली होती. किती वर्षं होतेय. आता त्यासाठी व्यायाम शिकतेय."

जिचं तोंड जन्मात कधी बंद झालं नव्हतं ती बाई दाराची चौकट धरून गप्प उभी राहिली. मग तिने मागे वळून खुंटीकडे पाहिलं.

"तो घाम नसतो गं ताई."

"कळलं मला. शिंकेच्या वेळी कळलं."

"धाकट्याच्या बाळंतपणापासून," टिमकी म्हणाली. "एकदा अशीच घरात शिंकले, आपसूक चौकट धरली, आणि समजलं आई काय करायची ते. इतकी रडले. नक्कल काढूनच टाकणार होते. मग लक्षात आलं, अख्ख्या प्रयोगात तेवढं एकच ठिकाण आहे जिथे मला खरंच पायावर पाय चढवून उभं राहता येतं. कुणाला काही कळत नाही, वर टाळ्या पडतात. तू उठून गेलीस तेव्हा वाटलं, तुला कळलं. आईचं आणि माझं, दोन्ही. आणि तुला किळस आली."

ताईने तिला जवळ घेतलं. दोघी एकाच घरात वाढल्या, एका ताटात जेवल्या, एकमेकींचे कपडे घालून मोठ्या झाल्या. आणि एक जण पाण्यात लपली होती, दुसरी आईच्या शिंकेत. ताईला स्वतःचा राग आला, आणि आईचाही आला थोडासा. लगेच आईची इतकी आठवण आली की राग टिकला नाही.

"सोमवारी माझ्याबरोबर यायचं," ती तलावावरच्या आवाजात म्हणाली. "चष्म्याच्या दुकानावर आहे. पोरगी चांगली आहे, लाज वाटू देत नाही. आणि व्हिडिओ बघून आपल्या मनाने काही करू नकोस. मी ती अक्कल पाजळून बसलेय."

"म्हणजे काय केलंस?"

ताईने तलावाच्या तळाची हकीकत सांगितली. ओठ आवळून, डोळे मिटून, श्वास रोखून बसून दाखवलं. टिमकीच्या पोटातून हसू उसळलं, तिचा हात चौकटीवर गेला आणि एक पाय झटकन दुसऱ्यावर चढला. ताईचाही चढला होता. दोघींनी एकमेकींच्या पायांकडे पाहिलं.

"आईची शिंक काढून टाकू का आता?" हसू ओसरल्यावर टिमकीने विचारलं.

"नको. ठेव. पण पुढच्या वेळी ती करून झाली की लोकांना सांग, ती तशी का उभी राहायची."

"ताई, कुणी हसणार नाही मग."

"पुरुष हसतील की. बायका थांबतील, आणि प्रयोग संपला की तुला इथे भेटायला येतील. तेव्हा त्यांना दुकानाचा पत्ता दे."

टिमकी बराच वेळ चौकटीवरच्या आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तिने तो काढला.